बोंबलाची निर्दोष सुटका

गेल्या डिसेंबरात ताई, भावोजी आणि सहा वर्षांचा भाचा लीड्सहून आले होते. चांगले चार आठवडे. आमचं घर अलिबागजवळ. मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीवरून पाटाने जाणारं पाणी... डासांच्या बाजूने विचार केला तर याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

पहिले सात-आठ दिवस झकास गेले. भाचा दिवसभर वाडीत उघडावाघडा. संध्याकाळीसुद्धा आत यायचं नाव नाही. ताई डास पळवायच्या मलमाची ट्यूब घेऊन त्याच्या मागे, आणि तो तिच्यापुढे दहा पावलं. तरी अंगावर एक डाग नाही. आई खूष. "आपलंच रक्त आहे ते. आपल्याला नाही डास लागत," असं तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून टाकलं.

नवव्या दिवशी दुपारी ताजे बोंबील आले. रवा लावून कुरकुरीत तळलेले. पठ्ठ्याने चार खाल्ले. आणि दहाव्या दिवशी सकाळी उठला तो दोन्ही पोटऱ्यांवर, मनगटावर आणि एका कानामागे लालबुंद गांधी घेऊनच. रुपयाएवढ्या. खाजवून खाजवून दोन तर फुटल्याही होत्या.

घरात लगेच कोर्ट उभं राहिलं. आरोपी, बोंबील. "सवय नाही रे त्याला. पित्त उठलं," आई म्हणाली आणि आमसुलं भिजत घालून ते पाणी त्याच्या पायांना चोळायला बसली. ताईचं म्हणणं डासच. "मग आठ दिवस काय उपास होता का डासांना?" आईचा बिनतोड सवाल. ताईकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. बोंबलाला शिक्षा झाली. पुढचे आठ दिवस घरात मासा शिजला नाही. (या निकालाचा सर्वात जास्त त्रास मला झाला हे सांगायला नको.)

मासे बंद होऊनही रोज नव्या गांधी येतच राहिल्या. मग आईने नाइलाजाने डासांनाही सहआरोपी केलं आणि पानाच्या डब्यातला चुना काढला. बोटाच्या टोकावर घेऊन प्रत्येक गांधीवर एकेक टिकली. फुटलेल्या गांधीवर चुना लागल्यावर पोराने जो टाहो फोडला, त्यानंतर मायलेकींत जे काही झालं ते इथे लिहीत नाही. नातेवाईक वाचतात. :)

त्या रात्री मी वाचत बसलो. उद्देश इतकाच की चुना बरोबर की चूक ते ठरवावं आणि घरात शांतता व्हावी. पण एक धागा ओढला की दुसरा येतो तसं झालं, आणि वाचता वाचता मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो. कुठे, ते शेवटी सांगतो.

आधी चुना. हा आपल्याकडचा अडाणीपणा असं ताईचं मत. पण गंमत म्हणजे हाच उपाय विलायतेतही होता, फक्त वेगळ्या बाटलीत. तिकडे कीटक चावला की अमोनियाचं पातळ पाणी लावायचे. अजूनही पेनासारख्या नळीत मिळतं. तर्क दोन्हीकडे एकच. कीटकाचं विष आंबट, म्हणजे आम्ल, मग त्याच्यावर क्षार लावा, की दोघांचा हिशोब मिटेल. मुंगीच्या बाबतीत या तर्काला थोडा तरी आधार आहे, कारण काही मुंग्या खरोखरच आम्ल सोडतात. डासाला मात्र हे लागू पडत नाही. डासाने आत सोडलेलं आम्ल नसतंच. तेव्हा चुन्याने तिथे मारायचं कोणाला? शिवाय चुना खाजवून सोललेल्या कातडीला भाजतो. म्हणजे चुन्याच्या प्रकरणात ताई बरोबर. पण मग अमोनिया लावणारे साहेब लोकही आईच्याच पंगतीला.

मग डास आत सोडतो तरी काय? सोडतो म्हणणं चूक, सोडते. चावते ती मादी. अंडी घालायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. रक्त हवेला किंवा जखमेला लागलं की गोठतं, आणि मादीची सोंड म्हणजे केसाहून बारीक नळी. त्यात रक्त गोठलं तर संपलंच. म्हणून ती आधी आपली लाळ आत सोडते. त्या लाळेत रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तवाहिन्या रुंद करणारी द्रव्यं असतात.

आज हे शाळेतल्या पुस्तकात येतं, पण शंभर वर्षांपूर्वी त्यावरून चांगला घोळ होता. फ्रित्झ शाउडिन नावाचा मोठा जर्मन शास्त्रज्ञ होता, पुढे सिफिलिसचा जंतू ज्या दोघांनी शोधला त्यांपैकी एक. त्याने १९०४ साली डासाचे निरनिराळे अवयव वेगळे करून कातडीत टोचून पाहिले. त्याचा निष्कर्ष असा की खाज लाळेने होत नाही, डासाच्या अन्ननलिकेशेजारच्या पिशव्यांत यीस्टसारखी बुरशी राहते, तिच्याने होते. आता एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर ते बरीच वर्षं चाललं. याचा निकाल सरळ हाताने लागला तो १९६० साली. हडसन आणि सहकाऱ्यांनी डासांच्या लाळेच्या नळ्याच कापल्या आणि मग ते डास माणसांना चावू दिले. (डासाच्या लाळेची नळी कापायची म्हणजे काय हात असेल विचार करा!) डास रक्त प्याले. पण ज्यांना एरवी गांधी उठायच्या त्यांना काही म्हणता काही झालं नाही. लाळ नाही तर खाज नाही.

इथवर वाचून मला वाटलं, झालं, लाळेत विष आहे. पण तसंही नाही. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

लाळेत खाज आणणारं विष असं फारसं काही नाहीच. खाज आपण स्वतः आणतो.

ही गोष्ट माणसाला कळायला बराच वेळ लागला आणि ती तुकड्यातुकड्यांनी कळली. १८७८ साली पॉल एर्लिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला शरीरात काही पेशी दिसल्या. त्यांच्या पोटात दाणेच दाणे भरलेले. त्याला वाटलं या खाऊन खाऊन तट्ट फुगल्यात, म्हणून त्याने त्यांना 'मास्ट' पेशी असं नाव दिलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ खाऊन लठ्ठ होणं असा. त्या दाण्यांत काय आहे, ते पुढे बरीच वर्षं कोणाला माहीत नव्हतं.

दुसरा तुकडा लंडनचा. १९१० साली हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ हे दोघे राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अर्गट या बुरशीवर काम करत होते. त्यातल्या हिस्टामीन नावाच्या द्रव्याचे परिणाम त्यांनी बारकाईने तपासले. रक्तवाहिन्या सैल करणारं, सूज आणणारं हे द्रव्य. तेव्हा ते बुरशीतलं किंवा कुजण्यातून येणारं असंच वाटत होतं.

तिसरा तुकडाही लंडनचाच. थॉमस लुईस हा मूळचा हृदयाचा डॉक्टर. त्याने माणसाच्या कातडीचा ध्यास घेतला. प्रयोग इतका साधा की तुम्ही आत्ता करून बघू शकता. बोथट काडीने हातावर जोरात रेघ ओढा. आधी लाल रेघ उमटते. मग तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरते. काहींना तिसरी पायरीही दिसते, रेघ फुगून वर येते. म्हणजे आपली गांध. लुईसने १९२७ साली या तीन पायऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की ओरखडा असो, भाजणं असो की कीटकाचा दंश, कातडी दुखावली की तिच्यातूनच काहीतरी बाहेर पडतं, हिस्टामीनसारखंच. पण सावध माणूस. पुरावा नाही म्हणून त्याने त्याला नुसतं 'एच द्रव्य' म्हटलं. त्याच वर्षी डेल आणि त्याच्या सोबत्यांनी ताज्या फुप्फुसातून आणि यकृतातून हिस्टामीन वेगळं काढून दाखवलं. बुरशीतलं म्हणून ओळखलेलं द्रव्य आपल्याच घरचं निघालं! आणि १९५३ च्या सुमारास रायली आणि वेस्ट या दोघांनी दाखवलं की एर्लिखच्या त्या लठ्ठ पेशींचे दाणे म्हणजे हिस्टामीनची कोठारं.

मधल्या काळात औषधवाले थांबले नव्हते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे आणि आन-मारी श्ताउब यांनी १९३७ साली हिस्टामीनला अडवणारं पहिलं द्रव्य शोधलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण वाट सापडली. १९४२ मध्ये माणसाला देता येईल असं औषध आलं, आणि १९५७ मध्ये बोवेला नोबेल मिळालं. आज डॉक्टर अंगावर पित्त उठलं की सेटिरिझिनची जी गोळी देतात, ती याच घराण्यातली. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोनचं मलम कातडीवर वरून लावून उपयोग होतो हे दाखवलं. खाजेवरची आजची दोन खरी हत्यारं ही. दोन्ही डासाशी लढतच नाहीत. आपल्याच शरीराला 'जरा दमानं घे' सांगतात.

आमच्या घरातल्या बाकीच्या उपायांचाही त्या रात्री उलगडा झाला. ताईची ती गुलाबी बाटली, कॅलामाईन. आईला तिचा भारी राग. "नुसता रंग आहे तो." त्यात असतं काय? जस्ताचं भस्म, म्हणजे झिंक ऑक्साईड, आणि किंचित लोहाचं ऑक्साईड. लोहाचं ऑक्साईड म्हणजे आपला गेरूच! गुलाबी रंग त्याचा. कॅलामाईन हे मुळात जस्ताच्या खनिजाचं नाव, आणि आपल्या रसशास्त्रात खर्पर किंवा रसक म्हणतात ते हेच असं मानतात. अंगावर पित्त उठलं की माझी आजी गेरू उगाळून लावायची. म्हणजे ताईने लीड्सहून विमानाने आणली ती बाटली आजीच्या सहाणेची धाकटी बहीण. ती लावली की पाणी उडून जाताना गार वाटतं, तेवढ्यापुरती खाज निवते. सौम्य उपाय, पण लहान मुलाला चुन्यापेक्षा कितीतरी बरा.

आणि माझा स्वतःचा उपाय, अमृतांजन. हा अस्सल मुंबईचा. काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत सुरू केला. (याच माणसाने पुढे 'आंध्रपत्रिका' काढली, तीही आधी मुंबईतूनच.) डोकेदुखीचा बाम डासाच्या चाव्यावर का चालतो? त्यातल्या मेंथॉलमुळे. पुदिन्याच्या जातीतल्या झाडांतून मिळणारं हे द्रव्य कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं. गार काही नसतानाच गार वाटतं. हे नेमकं कोणत्या दारातून घडतं ते २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी वेगवेगळं काम करून शोधलं. या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं ते उष्णता, गारवा आणि स्पर्श आपल्याला कळतात कसे, या कामासाठी. लहानपणी आपण गांधीवर नखाने फुली मारायचो, आठवतं? तेही खोटं नव्हतं. दुखणं आणि खाज यांच्यात दुखणं वरचढ. मज्जारज्जूत ते खाजेचा निरोप दाबून टाकतं. फुली दुखते, तेवढा वेळ खाज गप्प.

असो. आमचा खटला अजून उभाच होता. पहिले आठ दिवस डासांना उपास होता का, हा आईचा सवाल.

याचं उत्तर मिळालं ते लीड्सपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या शेफील्डच्या एका माणसाकडून. केनेथ मेलनबी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला तत्त्वासाठी नकार दिलेली काही मंडळी होती. त्यांना घेऊन याने खरजेवर प्रयोग केले. खरूज पसरते कशी हे पाहण्यासाठी ही माणसं आपण होऊन खरूज अंगावर घ्यायची, महिनोन्महिने खाजवत बसायची. त्यावर १९४५ साली त्याने पुस्तकही लिहिलं. लगेच पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, 'नेचर'मध्ये त्याचा एक छोटा लेख आला, डासांच्या चाव्याला माणूस कसा प्रतिसाद देतो यावर. ज्यांना त्या जातीचे डास पूर्वी कधी चावले नव्हते अशा लोकांना त्याने डास चावू दिले आणि काय काय होतं ते मांडलं. पायऱ्या पाच.

पहिली पायरी, डास चावतो आणि काहीच होत नाही.

दुसरी, चावल्यावर लगेच काही नाही, पण दुसऱ्या दिवशी लाल, खाजरी गांध. ती कित्येक दिवस राहते.

तिसरी, चावल्यावर काही मिनिटांत गांध, ती जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथी, फक्त लगेचची गांध. तासा-दोन तासांत संपली.

पाचवी, काहीच नाही. चावला तरी पत्ता लागत नाही.

मी ती यादी वाचली आणि रात्री दीड वाजता एकटाच हसलो. भाचा पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेला होता, बस्स! पहिल्या आठ दिवसांत डासांनी त्याला यथेच्छ फोडलं होतं. पण त्याच्या शरीराला ही लाळ अनोळखी होती. अनोळखी माणूस गर्दीत शेजारून गेला तर आपण वळून बघत नाही, तसं. त्या आठ दिवसांत शरीराने तिची ओळख करून घेतली आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली.  त्यानंतर आलेली लाळ ओळखली गेली आणि आरडाओरडा सुरू झाला. तोही दुसऱ्या पायरीच्या नियमाने, एक दिवस उशिरा. आदल्या संध्याकाळी चावलेल्या डासाचा आळ आदल्या दुपारच्या बोंबलावर आला. सकाळी मी आईला हे सगळं सांगितलं आणि बोंबलाची निर्दोष सुटका झाली. त्याच दिवशी दुपारी सुटकेचा सोहळाही झाला.

आई हसली. मग म्हणाली, "म्हणजे मला चावतात? आणि कळत नाही?"

"हो. तू पाचव्या पायरीवर. सत्तर वर्षं खाल्लंय तुला त्यांनी."

"म्हणजे ह्यांनाही चावतच होते," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी त्या रात्री पोचलो होतो ते याच ठिकाणी. मला वाटलं होतं हे तिच्या लक्षात येणार नाही.

बाबा पेटी वाजवायचे. काही मोठे वादक नव्हते. पण गावातल्या गुरुवारच्या भजनाला पेटी त्यांचीच, जवळजवळ तीस वर्षं. दुपारी जेवून ओटीवर उघड्याने आडवे व्हायचे. कोणी डासांचं काही बोललं की ठरलेलं वाक्य, "मला नाही चावत. माझं रक्त कडू आहे." आम्हाला त्याचा अभिमान होता. मी मुंबईच्या कॉलेजात मित्रांना सांगायचो, आमच्या घरात कोणाला डास चावत नाहीत. कातडी गप्प आहे म्हणजे डास येत नाहीत, असा आमचा सगळ्यांचा साधा हिशोब.

२००६ च्या पावसाळ्याअखेर त्यांना ताप आला. दोन दिवसांत सांधे असे धरले की खाटेवरून उठवेना. चिकनगुनिया. हा शब्द त्या वर्षी आपल्याकडे घरोघरी पोचला. महाराष्ट्राला तो अगदीच नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं गायब, आणि २००५-०६ मध्ये परत. टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतलं ते नाव आहे, वाकवून टाकणारा अशा अर्थाचं. चावणारी एडिस डासाची मादी दिवसा चावते, त्यातून सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. बाबांची ओटीवरची वेळ.

ताप आठवड्यात गेला. बोटं गेली ती गेलीच. दोन वर्षांनीसुद्धा सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. पेटीवर एकदा बसले होते, दिवाळीत. भाता ओढला, दोन-चार स्वर दाबले आणि झाकण लावलं. काही बोलले नाहीत. २०१४ मध्ये ते गेले ते हृदयविकाराने, याचा त्याच्याशी संबंध नाही. पण शेवटची आठ वर्षं गुरुवारच्या भजनाला ते टाळ घेऊन मागे बसत.

मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, मलम, यातलं काही केलं असतं तर टळलं असतं का, कोण सांगणार? नसतंही टळलं. पण जे चावतंय ते कळत असतं तर निदान केलं असतं.

डास म्हणजे नुसती खाज, असा हिशोब मोठमोठ्या माणसांचाही होता म्हणा. रोनाल्ड रॉस, अल्मोड्याला जन्मलेला, सैन्यातला डॉक्टर. १८८३ साली बंगळूरला होता. बंगल्यात डास फार म्हणून शोधायला गेला तर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. त्याने पिंप उपडं केलं. डास कमी झाले. मेसमध्येही हेच करू म्हणून वरच्या अधिकाऱ्याला सुचवलं, तर त्याने धुडकावून लावलं. तेव्हा रॉसलाही फक्त चाव्यांचा त्रास घालवायचा होता. डासातून हिवताप येतो हे त्याच्याही गावी नव्हतं. त्यानंतर चौदा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादला त्याच रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. हुसेन खान नावाच्या रुग्णाचं रक्त प्यालेला डास होता तो. दर चाव्याला एक आणा या हिशोबाने रॉसने त्याला पैसे दिले होते.

म्हणजे १८८३ चं ते उपडं पिंप हा खाजेवरचा सगळ्यात चांगला उपाय होता, आणि तो करणाऱ्याला स्वतःला माहीत नव्हतं की आपण केवढं मोठं काम केलंय.

आता आमच्या घरात काय ठरलं ते सांगतो, म्हणजे हे पुराण संपेल. चावल्या जागी साबण-पाणी. मग दहा मिनिटं गार पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ. त्यावर गुलाबी बाटली. फारच झालं तर डॉक्टरांना विचारून गोळी किंवा मलम. पोराची नखं कापलेली. अमृतांजन मोठ्यांना, लहानांना नाही. चुना पानाच्या डब्यात. तोंड-ओठ सुजले, दम लागला किंवा ताप आला तर घरगुती काही न करता थेट दवाखाना. आणि खाजवायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या संशोधकांचं उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. खाजवलं की त्या लठ्ठ पेशी आणखी चेकाळतात आणि सूज वाढते, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे खाजवण्याने कातडीवरचे काही घातक जंतू कमी होतात असंही दिसलं. म्हणजे निसर्गाने खाजवणं अगदीच उगाच दिलेलं नाही. हे दुसरं वाक्य मी भाच्याला सांगितलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे रोज सकाळी वाडीत फिरायचो. पाणी साचलेल्या करवंट्या उपड्या करायच्या, कुंड्यांखालच्या बशा ओतायच्या. एका जुन्या टायरमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा तो इतका खूष झाला की जणू खजिनाच. "मामा, रॉस!" असं ओरडायचा. एका सकाळी एकतीस करवंट्या झाल्या. आकडा त्याने वहीत लिहून ठेवलाय.

निघायच्या आदल्या दिवशी आई ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. तो समोर बसून दाणे मोजत होता. एकदम पुढे वाकून त्याने तिच्या दंडावर फाटकन चापटी मारली. हात उलटा करून दाखवला, तळव्यावर रक्ताचा ठिपका.

"आजी, तुला कळलं नाही?"

"नाही रे," ती म्हणाली.

मग तिने सोललेल्या शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि बाबांचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा साडीवरून घालून परत येऊन बसली. आताही दुपारी ओटीवर बसताना घालते.